इंटरनेट फोन : 'फुकट' केवढ्याला पडतो?

मित्रांनो, 'कॉल अगदी फ्री' असं वाचलं की आपल्यातला इंजिनीअर जागा व्हायला हवा. फुकट म्हणजे कोणाला, कधी आणि कशाच्या जिवावर? घरी इंटरनेटवरचा फोन घ्यायचा की नाही, हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आला असेल. आमच्याकडे भाईंदरला तो आला आणि हिशेबाचं काम अर्थातच माझ्याकडे! तोच हिशेब इथे मांडतो.

आधी थोडं तंत्र. आपल्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले आणि प्रत्येकाला ८ बिट दिले, की ६४ केबीपीएस होतात. दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक पॅकेट बनतं. त्यावर पत्त्याबित्त्याचा ४० बाइटचा मजकूर चढतो आणि आकडा जातो ८० केबीपीएसवर. म्हणजे तासभर गप्पा मारल्या तरी जाऊन-येऊन फक्त ७२ एमबी. ३० एमबीपीएसच्या लाइनला हे म्हणजे हत्तीच्या पाठीवर मुंगी! कॉल फुकट देणं परवडतं ते त्यामुळे.

मग हे इतक्या उशिरा का आलं? कारण कायदा. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली खरी, पण कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला किंवा परदेशातल्या फोनला. देशातल्या साध्या फोनला लावायची सोय नव्हती! पुढे १ मार्च २००६ ला बीएसएनएल-एमटीएनएलची 'वन इंडिया' योजना आली. देशात कुठेही १ रुपया मिनिट, याचंच तेव्हा केवढं कौतुक! इंटरनेटवरून देशातला कुठलाही फोन लावायची वाट मोकळी झाली ती २०१८ मध्ये. त्याच वर्षी बीएसएनएलने 'विंग्ज' हे अ‍ॅप वर्षाला १०९९ रुपयांत जाहीर केलं. २०१९ मध्ये जिओफायबर आलं, नेटसोबत फोनही घेऊन.

आता आमचं घर. आई-बाबा सकाळी लोकलने चर्चगेटला जाणार, मी होस्टेलवर. दिवसभर फोन वापरणारी एकटी आजी. तिची बहीण वसईला, म्हणजे खाडीपलीकडे. आमचा कोड ०२२, तिकडचा ०२५०. दोघींचं रोज अर्धा तास तरी बोलणं होतंच.

जिओफायबरचा सप्टेंबर २०२० मध्ये आलेला ३९९ रुपयांचा प्लॅन उदाहरणादाखल घेऊ. १८ टक्के जीएसटी धरून महिन्याला ४७१ रुपये. नेट फक्त फोनसाठीच घेतलं, तर हा सगळा फोनचाच खर्च. 'वन इंडिया'च्या दराने तेवढ्यात पावणेआठ तास बोलणं झालं असतं! पण नेट घरात तसंही हवंच असेल, तर फोनचा जादा खर्च जवळजवळ शून्य. आमच्याकडे आई आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते, त्यामुळे नेट लागणारच होतं. इथवर फुकट हे फुकटच!

खरी गोम विजेत आहे. जुन्या तांब्याच्या लाइनला ४८ व्होल्टचा पुरवठा एक्स्चेंजमधून व्हायचा, तिथे बॅटऱ्या असायच्या. घरात अंधार झाला तरी फोन चालू. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. घरची वीज गेली की डबा बंद आणि फोनही बंद. भर पावसात, घरात एकटी आजी असताना हे परवडेल का?

उपाय आहे : राउटरचा छोटा यूपीएस. डबा १० वॅट खात असेल, तर ३० वॅट-तासाची बॅटरी जेमतेम तीन तास पुरते. समजा १२०० रुपयांचा यूपीएस दोन वर्षं टिकला, तर महिन्याला ५० रुपये. पण मुळात फायबरच तुटली तर यूपीएस काय करणार? म्हणून आजीजवळ एक बटणांचा मोबाइल हवा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलण्या-एसएमएसचे वेगळे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. जानेवारी २०२५ मध्ये जिओचा असा ८४ दिवसांचा पॅक ४४८ रुपयांना होता, म्हणजे महिन्याला साधारण १६०.

बेरीज करा : ५० अधिक १६०. आमचा 'फुकट' फोन महिन्याला २१० रुपयांना पडतो! तरीही मी घरच्यांना 'घ्या' असंच सांगितलं. कारण हे २१० रुपये गप्पांचे नाहीत, अडीअडचणीला फोन लागेल या खात्रीचे आहेत.

तेव्हा दोस्तहो, घरी हा विषय निघाला की तीन गोष्टी विचारा : नेट तसंही लागणार आहे का? वीज गेल्यावर फोन किती वेळ चालेल? आणि ११२ नंबर त्यावरून लागतो का? दर बदलत राहतील, आकडे आपापल्या बिलावरचे घाला. रीत मात्र हीच ठेवा. कॉलचा दर सगळेच बघतात, न लागलेल्या कॉलची किंमतही हिशेबात धरा!