हाताने शिवलेली चामड्याची बॅग एवढी महाग का? उत्तर परभणीच्या विहिरीवर सापडतं

इन्स्टाग्रामवर असे रील तुम्ही पाहिले असतील. मांडीवर चामड्याचा तुकडा, दोन्ही हातांत सुया आणि शांतपणे चाललेली शिलाई. शेवटी खांद्याला लावायची तपकिरी बॅग दिसते आणि किंमत असते काही हजारांत. कमेंटमध्ये एक जण हमखास लिहितो, "आमच्याकडं बाजारात हीच ८०० ला मिळते."

तर ती बॅग "हीच" नसते. फरक कुठं आहे ते बघू, पण त्यासाठी आधी परभणीच्या शेतात जावं लागेल.

विहिरीवर विजेचे पंप आले नव्हते तेव्हा मराठवाड्यात पाणी काढायला मोट असायची. मोट म्हणजे चामड्याची भलीमोठी पिशवीच. खाली लांब सोंड, वर दोर आणि ओढायला बैल. शेकडो लिटर पाणी घेऊन दिवसभर वरखाली करायचं आणि शिवण उसवता कामा नये. पुढं लोखंडी मोटा आल्या, तरी त्यांची सोंड बरेचदा चामड्याचीच राहिली, कारण ती वाकायला लागते. बैलावरून पाणी वाहायची पखाल आणि तेल-तूप ठेवायचा बुधलासुद्धा चामड्याचाच. म्हणजे चामड्याची पिशवी शिवणं ही आपल्याकडं फॅशन नव्हती, शेतीची गरज होती.

आणि हे काम जातीवर वाटलेलं होतं, हे टाळून पुढं जाता येत नाही. मेलेलं जनावर ओढायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, वहाणा आणि मोटा शिवायच्या चांभारांनी. गावाचं शेत भिजायचं त्यांच्या हातांनी, पण त्याच हातांचा विटाळ मानला जायचा. त्यामुळं "आपली परंपरा जपली पाहिजे" असं म्हणताना जरा थांबावं. अनेक घरांनी हे काम विचारपूर्वक सोडलंय आणि त्यांना ते सोडायचा पूर्ण हक्क होता.

आता मुद्द्याचं. जनावराचं असतं ते कातडं, कमावल्यावर होतं ते चामडं. कमावलं नाही तर ते सडतं किंवा वाळून पत्र्यासारखं कडक होतं. जुनी पद्धत अशी : कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, आतलं मांस खरवडायचं आणि मग बाभळीची साल, हिरडा किंवा तरवडाच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं. या सालींमधलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरून ठेवतं. सगळ्यात भारी प्रकार म्हणजे कातड्यालाच शिवून पिशवी करायची, तिच्यात सालीचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी आतून बाहेर पाझरत जातं. काही दिवसांनी उलटी करून पुन्हा तेच. एकूण काम काही आठवड्यांचं.

क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत होतं. जगातलं बहुतांश चामडं आज तसंच बनतं. ते मऊ असतं, पाण्याला जास्त टिकतं. सालीवर कमावलेलं चामडं ताठ असतं, वापरून गडद होत जातं आणि त्याची कड घासून गुळगुळीत करता येते. बॅगेच्या किमतीतला पहिला फरक इथंच पडतो.

दुसरा फरक कापण्यात. पाठीचं चामडं घट्ट, पोटाकडचं ढिलं आणि ताणलं जाणारं. खांद्याचा पट्टा पोटाकडून कापला तर वजनाने लांबत जातो, म्हणून तो पाठीच्या बाजूने लांबीत कापतात. लॅपटॉप मावेल अशा एका बॅगेला साधारण ६ ते ८ चौरस फूट चामडं लागतं. त्यात जखमांचे, गोचिडांचे डाग चुकवायचे म्हणजे बरंच वाया जातं. मग रापीने कडा तासून पातळ करायच्या, नाहीतर दोन थर जोडल्यावर तिथं गाठोडं होतं. रापी जरा जास्त लागली तर पूर्ण तुकडा बाद.

आणि मग शिलाई. मशीनमध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक तुटला की टाके सुटत जातात. हाताच्या शिलाईत दोरा एकच, पण दोन्ही टोकांना सुया. आरीने भोक पाडायचं आणि त्याच भोकातून दोन्ही बाजूंनी सुई काढायची. दोऱ्याला आधी मेण लावलेलं असतं. एक टाका कापला गेला तरी शेजारचे सहज सुटत नाहीत. समजा बॅगेला ६० इंच शिवण आहे आणि इंचाला ६ टाके. म्हणजे ३६० टाके आणि सुई ७२० वेळा आरपार. दोरा शिवणीच्या साधारण चौपट लागतो.

हे सगळं परभणीत आज का होत नाही? विजेचे पंप आले आणि मोटेचं गिऱ्हाईक संपलं. रेक्झिन आणि प्लास्टिकने बाकीचं काम नेलं. हुन्नर उरला तो चप्पल दुरुस्तीपुरता. त्यात मार्च २०१५ पासून राज्यात गायीसोबत बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळं म्हशीच्या चामड्यावर भिस्त वाढली. मराठवाडी म्हैस परभणी पट्ट्यातलीच, पण कातडं बाहेर जातं आणि चामडं बाहेरून येतं.

याच बंदीनंतर मुंबईच्या धारावीत काम थंडावलेल्या कारागिरांसोबत सुधीर राजभर या कलाकाराने 'चमार स्टुडिओ' उभा केला. तिथं बॅगा बनतात, पण टायर-ट्यूबच्या रबरापासून. हात तोच, माल वेगळा. आणि ज्या शब्दाने हिणवलं गेलं, तोच ब्रँडचं नाव.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन जाहीर झालं, पण ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशीच चप्पल दाखवली आणि वाद झाला, तेव्हा दाद मागायला हेच मानांकन हाताशी होतं. परभणीच्या कारागिराकडं असं काहीच नाही. त्याच्यासाठी आहे ते संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि २०२३ पासूनची पीएम विश्वकर्मा योजना. तिच्या १८ व्यवसायांत चर्मकार येतात. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. तुमच्या चौकात बसणाऱ्या काकांना हे माहीत आहे का, एकदा विचारून बघा.

राहिली ती ८०० वाली बॅग. ओळखायची तर कापलेली कड बघा. खऱ्या चामड्यात तंतू दिसतात, रेक्झिनमध्ये कापडावर प्लास्टिकचा थर दिसतो. नुसतं 'जेन्युइन लेदर' लिहिलंय म्हणून दर्जा चांगलाच असेल, असं नाही. चुरा चिकटवून केलेलं चामडंही बाजारात फिरतं. हाताचे टाके दोन्ही बाजूंनी थोडे तिरके दिसतात. आणि लायटर लावून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दुकानदार बॅगेचे पैसे घेईल.