विश्लेषण : उभे राहता येते, मग चालताना तोल का जातो? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची तपासणी कशी होते?

भिंतीचा आधार न घेता उभे राहणारे मूल अंगण ओलांडताना का पडते? घाटनांदूर (ता. अंबाजोगाई) असो की मुंबई, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पालकांना हा प्रश्न पडतो. उभे राहण्याचा तोल आणि चालण्याचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी पहिल्यावरच थांबली, तर मुलाची खरी अडचण कागदावर येतच नाही.

फरक नेमका काय?

उभे असताना शरीराचा गुरुत्वमध्य दोन्ही पावलांनी घेरलेल्या जागेवर राहिला की भागते. चालताना तो बराच वेळ त्या जागेबाहेर असतो. म्हणजे प्रत्येक पाऊल हे पडता पडता सावरणे असते. इंजिनीअरिंगच्या पुस्तकातला उलटा लंबक तो हाच. सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. अनेक मुलांचे स्नायू ताठर होतात, टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांना घासतात. सावरणारे पाऊल मग उशिरा किंवा भलत्याच जागी पडते. मेंदूतील इजा वाढत नाही, पण मूल वाढते. उंची आणि वजन बदलले की तोलही बदलतो, त्यामुळे एकदाच केलेली तपासणी पुरत नाही.

चाचण्या कोणत्या?

'पेडियाट्रिक बॅलन्स स्केल'मध्ये 14 कृती असतात. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, एकूण 56. खुर्चीतून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, जमिनीवरची वस्तू उचलणे वगैरे. चाचणी उपयुक्तच आहे, पण तिच्यात सलग चालण्याची एकही कृती नाही.

ती उणीव 'टाइम्ड अप अँड गो' काही अंशी भरून काढते. मुलाने खुर्चीतून उठायचे, 3 मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. लहान मुलांना समोरच्या भिंतीवरच्या खुणेला हात लावायला सांगतात. खुर्ची, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच एवढेच साहित्य लागते. शाळेच्या वर्गखोलीतही ती घेता येते. मात्र कमी सेकंद म्हणजे चांगला तोल असे नाही. काही मुले थांबताच येत नाही म्हणून भरभर चालतात! वळताना काय होते, हे आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते.

कॅमेरे आणि जमिनीत बसवलेल्या दाबमापक पट्ट्या असलेल्या चाल-प्रयोगशाळेत अधिक बारकाईने मोजमाप होते. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना त्याची मदत होते. रोजच्या पाठपुराव्याला मात्र साधी चाचणीच उपयोगी पडते.

गावात काय करता येईल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. त्या पथकाला 'पोरगं पडतं' एवढेच सांगू नये. आठवड्यात किती वेळा पडले, कुठे पडले (उंबऱ्याशी, उतारावर, वळताना), हातात काही होते का, हे वहीत लिहून ठेवावे. समोरून आणि बाजूने मोबाइलवर चालण्याचे चित्रण करावे. दर वेळी बूट किंवा स्प्लिंट तेच असावेत, नाहीतर मागच्या नोंदीशी तुलना होत नाही. अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयात जाताना ही वही आणि मोबाइल सोबत न्यावा.