जुने होल्स्टर आणि हिरड्याची तुरट चव

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात एखाद्या जुन्या घराची आवराआवर निघाली, की ट्रंकेच्या तळाशी कधी कधी चामड्याची एखादी वस्तू सापडते. ते काडतुसांचा पट्टा असेल किंवा पिस्तूल कमरेला अडकवण्याचे होल्स्टर. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. बंदुका गेल्या, चामडे मात्र मागे राहिले.

अशा हाताने शिवलेल्या वस्तू जमवण्याचा छंद काही जणांना असतो. छंद चांगला आहे, पण हौसेने तेल चोळून आणि पॉलिश करून याच वस्तूंचे नुकसानही होते. चामडे टिकते कशामुळे आणि नासते कशामुळे हे माहीत असेल, तर ते टाळता येते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना आपण आजूबाजूच्या जंगलात आणि हवेत जाऊन पोहोचतो.

कातडे आणि चामडे

जनावराचे कातडे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. या प्रथिनाच्या तीन साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. ओले कातडे तसेच ठेवले तर जिवाणू ते खातात आणि ते कुजते. नुसते वाळवले तर ते कडक होते आणि भिजले की पुन्हा कुजू लागते. म्हणून कातडे 'कमावावे' लागते. आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून त्याचे केस सैल करतात आणि ते खरडून साफ करतात. मग झाडांच्या साली किंवा फळे घातलेल्या पाण्यात ते कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे मुरवतात. साल-फळांतील टॅनिन कोलॅजेनच्या धाग्यांना जागोजागी चिकटते, त्यांच्यामधले पाणी हटवते आणि धागे एकमेकांशी बांधते. आता जिवाणूंना ते सहज खाता येत नाही. कातड्याचे चामडे झाले.

बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरड्याचे फळ ही आपल्याकडची टॅनिनची जुनी साधने. हिरडा चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातही मिळतो. त्याच्या वाळलेल्या फळात ३० टक्क्यांच्या आसपास टॅनिन असते. हिरड्याचा बारीकसा तुकडा चघळला की तोंड आवळल्यासारखे होते, कारण तेच टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते. तोंडातला तुरटपणा आणि चर्मकाराच्या कुंडातले काम, दोन्हींमागचे रसायन एकच.

वर्गात करून पाहा

हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्या. दुकानात मिळणारे जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून त्यात हा काढा थेंब थेंब घाला. पाणी गढूळ होऊन साका खाली बसेल. जिलेटिन हे कोलॅजेनपासूनच बनवतात, म्हणजे चामडे कमावण्याची पहिली पायरी तुम्ही पेल्यात पाहिलीत. दुसऱ्या पेल्यातील काढ्यात, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलेल्या लोखंडी खिळ्यांचे थोडे पाणी घाला. काढा शाईसारखा काळा होईल. जुन्या चामड्यावर लोखंडी बकलाभोवती काळे डाग का पडतात, याचे उत्तर इथे मिळते.

तांबूस भुकटी

जुने होल्स्टर हातात घेतले आणि बोटांना विटकरी रंगाची भुकटी लागली, तर तो चामड्याचा असाध्य रोग समजावा. लंडनच्या अथेनियम क्लबमधील खुर्च्यांचे चामडे असेच खराब होत होते. मायकेल फॅराडे यांनी १८४३ मध्ये त्याचा संबंध गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुराशी जोडला. गंधक जळून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड चामडे शोषून घेते. हवा आणि ओलावा यांच्या साथीने त्याचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि ते कोलॅजेनच्या साखळ्या तोडते.

चंद्रपूरकरांना हा वायू परका नाही. इथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. आपल्या कोळशात गंधक तुलनेने कमी असला, तरी जळणारा कोळसा प्रचंड असतो. कोळशाच्या शेगडीचा धूरही तोच वायू घेऊन येतो. म्हणून अशी वस्तू उघड्या खिडकीशी किंवा स्वयंपाकघरालगत टांगू नये, बंद कपाटात ठेवावी. गंमत अशी, की बाभूळ-तरवडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यापेक्षा हिरड्याने कमावलेले चामडे हा मारा अधिक सोसते, कारण दोघांतील टॅनिनची रचना वेगळी असते.

जपावे कसे

तेल चोळू नये. ते हवेत चिकट होते आणि धूळ धरते. पितळी रिव्हेटांभोवती जमणारे हिरवे मेण म्हणजे तेला-चरबीतील आम्लांशी तांब्याची झालेली संयुगे. ते लाकडी काडीने हळूच काढून कोरड्या फडक्याने पुसावे. भुकटी सुटत असेल तर पाणी मुळीच लावू नये, चामडे काळे पडून टणक होते. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो आणि चामडे तडकते. पावसाळ्यात त्याला बुरशी येते. म्हणून वस्तू घराच्या आतल्या भिंतीशी, प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता, धुतलेल्या सुती कापडात ठेवावी. आकार टिकावा म्हणून आत त्याच कापडाचा बोळा भरावा. वस्तू सांबरासारख्या वन्य प्राण्याच्या कातड्याची वाटली, तर घेण्याआधी वनखात्याला विचारावे. अशा वस्तूंच्या व्यवहारावर कायद्याची बंधने आहेत.

शिवण वाचा

अशा वस्तूवर कारागिराचे नाव बहुधा नसते. तरी शिवण बोलते. हातशिवणीत एकाच मेणवलेल्या दोऱ्याची दोन टोके आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. हातशिवणीचे टाके किंचित लहानमोठे दिसतात. आरी धरणारा हात तिथे कसा चालला, हे त्यातून कळते.

वस्तू जमवणाऱ्याने चामड्याइतकीच माहितीही जपावी. वस्तू कोणत्या गावची, कोणाच्या घरातली, कोणी शिवली असे घरचे लोक सांगतात, हे एका चिठ्ठीवर लिहून वस्तूसोबत ठेवावे. विद्यार्थ्यांना गावातील जुन्या चर्मकारांकडे पाठवा. कोणती साल, किती दिवस, कोणते पाणी, हे त्यांना विचारू द्या. चामडे योग्य तऱ्हेने ठेवले तर आणखी शंभर वर्षे टिकेल. ते कमावण्याची माहिती मात्र सांगणाऱ्याबरोबरच जाते.