दोस्ती फारसी, पाव पोर्तुगीज

गार्सिया द ओर्ता हा गोव्याचा पोर्तुगीज वैद्य. नगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याने या राजाविषयी आपुलकीनं लिहिलंय. चौल बंदरातही निजामशाहीची फिरंग्यांशी ऊठबस होतीच. तरी मैत्रीचा त्यांचा शब्द, ‘आमिझाद’, नगरकरांच्या तोंडी काही बसला नाही. फारसीतून आलेली ‘दोस्ती’ होती ना!

रुजले ते कामाचे शब्द. ‘कांद्याचा लिलाव झाला का?’, ‘पगार झाला की देतो’, ‘घमेलं उचल’, ‘चावी कुठंय?’ यांतले लिलाव, पगार, घमेलं, चावी हे सगळे मूळचे पोर्तुगीज. नगरजवळच्या नेप्तीच्या कांदा बाजारात हे सांगाल, तर लोक हसतील. आणि ‘चल दोस्ता, मिसळपाव खाऊ’ म्हणताना फारसी नि पोर्तुगीज एकाच वाक्यात.