आधी कीड ओळखा, मग औषध शोधा

मोहोपाडा : खालापूर तालुक्यातील मोहोपाडा-रसायनी परिसराचे कीटकनाशकांशी नाते जुने आहे. हिवतापाच्या डासांविरुद्ध डीडीटी बनविण्यासाठी केंद्र सरकारने 1954 मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी स्थापन केली. तिचा एक कारखाना पुढे रसायनीत उभा राहिला. डीडीटीचा शेतीतील वापर 1989 मध्ये बंद झाला. मात्र झाडावर काही दिसले की ‘एखादे जालीम औषध मारा’ ही सवय सुटलेली नाही. कर्जत-खालापूर पट्ट्यात मुंबई-पुण्याच्या मंडळींनी फार्म हाऊसभोवती आंबा-नारळ लावले आहेत. शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकाला कीड दिसते ती बहुधा उशिरा, आणि घाईत मारलेले औषध अनेकदा भलत्याच किडीचे असते.

आंब्याचा येथील सर्वांत घातक शत्रू म्हणजे खोडकिडा, कोकणात ज्याला भिरूड म्हणतात. लांब मिशांचा, करड्या रंगाचा, सुमारे दोन इंच लांबीचा हा भुंगा पावसाळ्यात खोडाच्या सालीत अंडी घालतो. अंड्यातून निघालेली पांढुरकी अळी साल पोखरत लाकडात शिरते आणि कित्येक महिने आतच राहते. बाहेरून झाड हिरवेगार दिसते. मग एखादी फांदी अचानक सुकते, पाने गळू लागतात आणि मालक खत-पाण्याची चौकशी करू लागतो. खरी खूण असते बुंध्याशी. खोडाला छिद्रे पडलेली असतात, त्यांतून चिकट रस ओघळतो आणि खाली लाकडाचा भुसा साचतो. भुसा ताजा असेल, तर अळी आत जिवंत आहे असे समजावे.

अशा वेळी पानांवर केलेली फवारणी वाया जाते, कारण औषध अळीपर्यंत पोहोचतच नाही. छिद्र मोकळे करून, टोक वाकविलेली तार आत सारून अळी ओढून काढणे हा जुना उपाय आजही सर्वांत भरवशाचा. तार पोहोचत नसेल तेथे पेट्रोलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र चिखलाने घट्ट लिंपतात. जुन्या पुस्तिकांत याच कामासाठी डायक्लोरव्हॉस सुचविलेले आढळते. परंतु 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर बंदी आहे. माळ्यावर पडलेली जुनी बाटली त्यासाठी खाली काढू नये. आठवड्याभराने पुन्हा पाहावे. भुसा पडतच असेल, तर दुसरे छिद्र शोधावे लागेल. 15-20 वर्षे वाढविलेले कलम या अळ्या पोखरून मारू शकतात, हे लक्षात घेतले तर पावसाळ्यानंतर प्रत्येक बुंध्याभोवती फेरी मारण्याचे श्रम फार नाहीत.

खोडावर मातीचे पापुद्रे दिसले, तर ती वाळवी. ती मुख्यत्वे मृत साल खाते. माती खरवडून काढावी. घाबरण्याचे कारण सहसा नसते.

नारळाची नवी पाने उलगडताना पंख्यासारखी कातरलेली दिसली, तर काम गेंड्या भुंग्याचे. त्याची पैदास होते ती कुजलेल्या शेणखतात. अनेक ठिकाणी हा उकिरडा झाडापासून हाकेच्या अंतरावर असतो! खड्डा उपसून अळ्या वेचल्या, की निम्मे काम होते. झाडाला जखम झाली की तिच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि तो खोड आतून पोखरतो. खोडावरील छिद्रांतून तपकिरी रस गळणे ही त्याची खूण.

जास्वंद, पपई, पेरू यांवरील पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो गोड रस सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्या रसावर काळी काजळी धरते. मात्र सगळाच पांढरा कापूस शत्रू नसतो. 1898 मध्ये भारतात आणलेल्या क्रिप्टोलेमस या मित्र भुंगेऱ्याची अळीही तशीच मेणकट, पांढरी असते. फक्त ती आकाराने मोठी असून चपळाईने हिंडते आणि पिठ्यालाच खाते. सरसकट फवारणीत ती आधी मरते. कुंडीतील झाडावर पाण्याचा जोरदार फवारा, सौम्य साबणाचे पाणी, किंवा लिटरला 50 ग्रॅम निंबोळी या प्रमाणात केलेला अर्क बहुतेक वेळा पुरतो. पपईवरील पिठ्या 2008 मध्ये देशात प्रथम आढळला. तो आटोक्यात आला तो 2010 मध्ये बाहेरून आणलेल्या परोपजीवी कीटकांमुळे.

मोहोरावरील तुडतुड्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे फवारणी लागते, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक त्यासाठीच आहे. पण मोहोर पूर्ण उमललेला असताना औषध मारल्यास परागीभवन करणाऱ्या माश्याच मरतात.

फवारणी टळत नसेल, तर डब्यावरील त्रिकोणाचा रंग आधी पाहावा. लाल म्हणजे अतितीव्र विष. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. शिवाय ते औषध त्या झाडासाठी व त्या किडीसाठी असल्याचा उल्लेख लेबलवर हवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी व शेतमजूर दगावले. फार्म हाऊसवर पंप पाठीला लावतो तो मालक नव्हे, गावातला माळी. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा औषधाबरोबरच आणून देणे, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून फवारायला सांगणे आणि काम संपल्यावर त्याला आंघोळीसाठी पाणी व साबण देणे ही मालकाची जबाबदारी आहे.