नियतीच्या भगिनी (गॉड ऑफ वॉर)

नियतीच्या भगिनी ही ‘गॉड ऑफ वॉर २’ या व्हिडिओ गेममधील तीन पात्रे आहेत. लॅकेसिस, अ‍ॅट्रोपॉस आणि क्लोथो अशी त्यांची नावे असून, ग्रीक पुराणकथांमधील ‘मोइराय’ या तीन नियतिदेवतांच्या आधारे ती रचलेली आहेत. हा गेम सँटा मोनिका स्टुडिओने तयार केला. कोरी बार्लॉग यांच्या दिग्दर्शनाखाली तो २००७ मध्ये प्लेस्टेशन २ या संचासाठी प्रकाशित झाला. कथानायक क्रेटोस याच्या प्रवासाचे अंतिम उद्दिष्ट या भगिनींपर्यंत पोहोचणे हेच असल्यामुळे, त्या गेमच्या उत्तरार्धातच प्रत्यक्ष दिसत असल्या तरी संपूर्ण कथानकावर त्यांची छाया आहे.

पौराणिक आधार

ग्रीक भाषेत ‘मोइरा’ या शब्दाचा अर्थ ‘वाटा’ किंवा ‘हिस्सा’ असा होतो. प्रत्येकाच्या वाट्याला येणारे आयुष्य या तिघी ठरवतात, अशी प्राचीन ग्रीकांची कल्पना होती. क्लोथो म्हणजे कातणारी. ती आयुष्याचा धागा कातते. लॅकेसिस म्हणजे वाटून देणारी. ती धाग्याची लांबी ठरवते. अ‍ॅट्रोपॉस म्हणजे जिला वळवता येत नाही अशी. ती धागा तोडते. विषारी बेलाडोना वनस्पतीच्या ‘अ‍ॅट्रोपा’ या शास्त्रीय प्रजातिनामाचे मूळ आणि त्यावरून आलेल्या ‘अ‍ॅट्रोपिन’ या औषधाच्या नावाचे मूळ याच देवतेच्या नावात आहे.

हेसिअडच्या ‘थिऑगनी’ या काव्यात त्यांची दोन वेगवेगळी कुळे सांगितली आहेत. एका ठिकाणी त्या रात्रीच्या कन्या आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी झ्यूस आणि थेमिस यांच्या. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात त्या अनिवार्यतेच्या कन्या असून लॅकेसिस भूतकाळाचे, क्लोथो वर्तमानाचे आणि अ‍ॅट्रोपॉस भविष्याचे गीत गाते. रोमन परंपरेत त्यांना ‘पार्की’ म्हणतात. सूत कातणाऱ्या जख्ख म्हाताऱ्या हे त्यांचे रूप रोमन कवी कॅटलस याच्या काव्यात ठळकपणे आढळते. पुढील काळातील चित्रकलेत आणि कथांतही हेच रूप रूढ झाले.

गेममधील कथानक

पहिल्या भागात (२००५) एरिसचा वध करून क्रेटोस युद्धदेव झालेला असतो. दुसऱ्या भागाच्या आरंभी ऱ्होड्स येथे झ्यूस कपटाने त्याचे सामर्थ्य काढून घेऊन त्याला ठार करतो. टायटन गाया त्याला वाचवते आणि नियतीच्या भगिनींना गाठून काळ मागे नेण्याचा मार्ग दाखवते. त्यासाठी क्रेटोस ‘निर्मितीच्या बेटा’वर जातो. तेथे त्याला भेटणारी कित्येक पात्रेही आपापले नशीब पालटण्याच्या आशेनेच आलेली असतात. त्यांतील एक स्पार्टाचा सैनिक असतो. अंधारात ओळख न पटल्यामुळे क्रेटोसच्याच हातून त्याला मृत्यू येतो. झ्यूसने स्पार्टाचा विध्वंस केल्याचे या मरणासन्न सैनिकाकडून क्रेटोसला कळते.

भगिनींच्या दालनात प्रथम लॅकेसिस त्याला सामोरी येते. टायटनांचा पराभव आपणच ठरवला होता, असे ती सांगते. त्यानंतर अ‍ॅट्रोपॉस त्याला आरशातून भूतकाळात, एरिसशी झालेल्या लढाईच्या क्षणी ओढून नेते. त्या लढाईत क्रेटोसला विजय मिळवून देणारी महाकाय तलवार नष्ट करण्याचा तिचा प्रयत्न असतो. ती नष्ट झाली तर तो भूतकाळातच मारला जाईल. क्रेटोस हा प्रयत्न हाणून पाडतो आणि पुढे दोघींचाही अंत करतो. शेवटी तो क्लोथोच्या मागापाशी पोहोचतो. अवाढव्य देहाची आणि अनेक हातांची क्लोथो दालनाचे कित्येक मजले व्यापून बसलेली असते. दालनातील यंत्रणेचाच शस्त्रासारखा वापर करून क्रेटोस तिला मारतो आणि झ्यूसने विश्वासघात केला त्या क्षणाकडे परततो.

मूळ कथेपासूनचा फरक

ग्रीक कथांमध्ये मोइरायांना शस्त्राने जिंकता येत नाही. ‘इलियड’मध्ये आपला पुत्र सार्पिडॉन याचा मृत्यू ठरलेला आहे हे झ्यूस जाणतो; त्याला वाचवण्याचा विचारही करतो, पण अखेरीस तो मृत्यू घडू देतो. अपोलोने या देवतांना मद्य पाजून राजा अ‍ॅडमेटसला सवलत मिळवून दिली, अशी कथा आहे; परंतु तेथेही मृत्यू टळत नाही, राजाऐवजी त्याची पत्नी अल्केस्टिस मरण पत्करते. गेममध्ये मात्र या देवता मर्त्य आहेत आणि त्यांचा माग जिंकणाऱ्याच्या हाती येतो.

तरीही मूळ कथेतील शोकात्म सूत्र पूर्णपणे सुटलेले नाही. भगिनी मेल्यावरही क्रेटोसला हवे ते मिळत नाही. झ्यूसवर केलेला वार मध्ये आलेल्या अथेनाला लागतो आणि झ्यूस हाच आपला पिता असल्याचे त्याला तिच्याकडून कळते. क्रोनसने झ्यूसविषयी बाळगलेली भीती झ्यूसने क्रेटोसविषयी बाळगलेली असते. पित्याने पुत्राला भिणे आणि पुत्राने पित्यावर उठणे हे चक्र चालूच राहते. नॉर्स पुराणकथांवर आधारित ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ (२०२२) या भागात क्रेटोसची गाठ ‘नॉर्न’ या तीन नियतिदेवतांशी पडते. नियती असे काही नसून माणसे पुन्हा पुन्हा तीच निवड करतात, म्हणूनच त्यांचे भविष्य सांगता येते, असे त्या त्याला सुनावतात.

ग्रायाय आणि मोइराय

एकच डोळा आणि एकच दात आळीपाळीने वापरणाऱ्या वृद्ध भगिनी म्हणजे मोइराय, असा समज पुष्कळदा आढळतो. वास्तविक त्या ‘ग्रायाय’ होत. जन्मतःच पिकलेल्या केसांच्या या भगिनी पर्सियसच्या कथेत येतात. डिस्नेच्या ‘हर्क्युलीस’ (१९९७) या चित्रपटात नियतिदेवतांना एकच सामायिक डोळा दाखवून या दोन्ही गटांचे मिश्रण केले आहे. ‘गॉड ऑफ वॉर २’मध्ये असे मिश्रण नाही.