गिटारच्या दोन डब्या

दिवाळी सरली, धान कापून खळ्यावर आले, की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक किंवा ऑर्केस्ट्रा. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीपासून पलीकडे गडचिरोलीतल्या वडसा-देसाईगंजपर्यंत झाडीपट्टीची रंगभूमी होळीच्या आसपासपर्यंत जागी असते. २०२३ साली या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा तिचे नाव देशभर गेले. पूर्वी नाटकाच्या साथीला ऑर्गन आणि तबला असे. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले; आणि ऑर्केस्ट्रात, जयंतीच्या गीतगायनात, लग्नाच्या कार्यक्रमात इलेक्ट्रिक गिटारही ऐकू येते.

या गिटारवाल्याची अडचण मात्र फार जुनी आहे. तो जीपने किंवा बल्लारशाच्या गाडीने गावी पोहोचतो, तेव्हा तिथे गिटारचा ॲम्प नसतो. असतो तो साउंडवाल्याचा मिक्सर आणि मैदानाच्या दोन बाजूंना रचलेले मोठे स्पीकर. गिटारची वायर सरळ त्या मिक्सरमध्ये घातली, तर आवाज पातळ आणि कोरडा येतो. त्यात डिस्टॉर्शन मिसळले, तर डबीत कोंडलेल्या मधमाशीसारखा. असे का व्हावे? हे समजले की पुढचे सारे सोपे होते.

तुमच्या घरी आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेडिओ असेल, तर तो आठवा. बटण फिरवले की आत काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू लालसर तापत आणि मग आवाज येई. गिटारचे नावाजलेले ॲम्प याच व्हॉल्व्हवर चालतात. व्हॉल्व्हवर ताकदीबाहेर भार टाकला, की तो ध्वनीची टोके दाबतो, गोल करतो, आणि मूळ स्वरासोबत त्याचे उपस्वर उमटतात. यालाच वादक डिस्टॉर्शन म्हणतात. हा एका परीने बिघाडच. पण गाणाऱ्याच्या आवाजातल्या खर्जासारखा तो हवाहवासा वाटू लागला. दुसरे काम ॲम्पचा स्पीकर करतो. सेकंदाला साधारण पाच हजारांहून अधिक कंपने असलेले ध्वनी तो फारसे बाहेर सोडत नाही. म्हणजे तो एक चाळणी आहे. डिस्टॉर्शनमधली बोचरी करकर त्या चाळणीत अडते. साउंडवाल्याच्या स्पीकरला अशी चाळणी नसते. त्याला गाणे, तबला, झांज सगळेच ऐकवायचे असते. म्हणून मधमाशी!

मग खराच ॲम्प का नेऊ नये? तो जड असतो, महाग असतो, त्याचे व्हॉल्व्ह काचेचे असतात, आणि त्याचा खरा स्वर जोरात वाजवल्याशिवाय खुलत नाही. तेव्हा ॲम्पची नक्कल करणाऱ्या लहान डब्या निघाल्या. त्या दोन जातीच्या आहेत.

पहिली जात मॉडेलरची. १९९५ साली रोलँड कंपनीचे व्हीजी-८ आले, १९९८ साली लाइन सिक्सचे पॉड आले, आणि हा प्रकार घरोघरी माहीत झाला. इथे अभियंता ॲम्पचे सर्किट अभ्यासतो. कोणता भाग काय करतो याचे गणित मांडतो. डबीतला संगणक ते गणित क्षणोक्षणी सोडवत राहतो. त्यामुळे ॲम्पचे प्रत्येक बटण डबीतही असते आणि ते फिरवले की खऱ्यासारखेच बदल होतात. शिवाय डिले, रिव्हर्ब, कोरस, वा-वा अशी सारी पलटण त्याच डबीत नांदते.

दुसरी जात ठसा घेणाऱ्या डबीची. तिला कॅप्चर पेडल म्हणतात. जर्मनीतल्या केम्पर कंपनीने २०११ साली ही वाट दाखवली. पुढे २०२१ मध्ये क्वाड कॉर्टेक्स आणि २०२२ मध्ये टोनेक्स यांनी यंत्रशिक्षणाच्या जोरावर ती रुंद केली. आणि न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाची एक प्रणाली तर कुणालाही फुकट वापरता येते. इथे सर्किट कुणी उघडून पाहत नाही. खऱ्या ॲम्पमध्ये काही मिनिटांचा ठरावीक ध्वनी सोडतात, बाहेर काय आले ते टिपतात, आणि आत गेलेले व बाहेर आलेले यांतला संबंध संगणक शिकतो. नागपूरच्या एखाद्या स्टुडिओतल्या ॲम्पचा ठसा असा एकदा घेतला, की तो आमगावच्या पोराच्या खिशात मावतो.

नाटकाच्याच भाषेत सांगायचे तर मॉडेलर हा नट आहे आणि ठसा हे छायाचित्र आहे. नटाला भूमिकेचा स्वभाव ठाऊक असतो. ऐनवेळी प्रवेश लांबला तरी तो निभावून नेतो. छायाचित्रात चेहरा हुबेहूब असतो, पण तो ज्या क्षणी टिपला त्या क्षणाचाच. ठसा घेताना ॲम्पची बटणे जिथे होती, तिथलाच स्वर त्यात असतो. पेडलवर गेन आणि ट्रेबलची बटणे असतात खरी, पण बहुतेक ठशांत ती वरून लावलेल्या रंगासारखी असतात. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवा. डिले आणि रिव्हर्ब हे काळावर चालणारे परिणाम आहेत. असल्या ठशात ते नीट उतरत नाहीत.

म्हणून दोन्ही डब्या एकत्र जोडण्याची कल्पना निघाली. ॲम्पचा रसरशीत स्वर ठशाने द्यावा, बाकीचा संसार मॉडेलरने सांभाळावा. कल्पना चांगली आहे. पण दोन स्वयंपाकी एका चुलीवर आले म्हणजे मीठ दोनदा पडण्याची भीती असते. ती टाळण्याचे सूत्र एकच: प्रत्येक काम एकदाच आणि एकाकडेच.

आता जोडणी पाहा. गिटार मॉडेलरच्या इनपुटमध्ये घाला. गिटारचा प्रवाह नाजूक असतो; त्याला पहिले दार सुमारे दहा लाख ओहमचे लागते, आणि मॉडेलरच्या गिटार इनपुटला ते असते. आत आधी वा-वा, कॉम्प्रेसर, बूस्ट ठेवा. मग मॉडेलरच्या 'सेंड'मधून एक वायर कॅप्चर पेडलच्या इनपुटला आणि पेडलच्या आउटपुटमधून दुसरी वायर मॉडेलरच्या 'रिटर्न'ला. त्यानंतर डिले आणि रिव्हर्ब, आणि शेवटी मिक्सर. थोडक्यात, मॉडेलरच्या पोटात ॲम्पची जी जागा होती ती रिकामी करून तिथे पेडल बसवायचे.

पहिली तपासणी ॲम्पची. मॉडेलरमधला ॲम्प बंद केला आहे ना, ते बघा. तो चालू राहिला, तर डिस्टॉर्शनवर डिस्टॉर्शन चढते आणि स्वरांचा चिखल होतो.

दुसरी तपासणी चाळणीची, म्हणजे स्पीकर-कॅबिनेटची. काही ठसे नुसत्या ॲम्पचे असतात, काही स्पीकर आणि माइक यांच्यासकट घेतलेले. ठशात स्पीकर असेल तर मॉडेलरमधला कॅबिनेट बंद ठेवा. नसेल तर ठशाच्या पुढे एक कॅबिनेट चालू ठेवा. दोन्ही चालू राहिले तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. एकही नसला तर मधमाशी परत येते. मात्र पुढे खरा गिटार-कॅबिनेट जोडलेला असेल, तर डबीतली चाळणी एकही नको. ती समोर लाकडाच्या पेटीत आहेच.

तिसरी तपासणी पातळीची, आणि सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. डिस्टॉर्शन किती होणार हे आत येणाऱ्या प्रवाहाच्या जोरावर ठरते. मॉडेलरचा सेंड 'लाइन' पातळीवर राहिला, तर पेडलला गिटारपेक्षा कितीतरी जोरकस प्रवाह मिळतो आणि स्वच्छ ठसाही फाटू लागतो. तुम्ही ठशाला दोष देता, तो बिचारा निर्दोष असतो! सेंड आणि रिटर्न दोन्ही 'इन्स्ट्रुमेंट' पातळीवर ठेवा. मग गिटार सरळ पेडलमध्ये घालून एक ओळ वाजवा, आणि तीच ओळ मॉडेलरमार्फत वाजवा. दोन्हींचा पोत सारखा आला की पातळी जमली.

चौथी गोष्ट विलंबाची. डबीत शिरताना ध्वनीचे आकडे होतात, बाहेर पडताना आकड्यांचा ध्वनी. अशा एका फेरीला ढोबळमानाने एक ते दोन मिलिसेकंद लागतात. आपल्या जोडणीत अशा तीन फेऱ्या होतात. म्हणजे जास्तीत जास्त पाच-सहा मिलिसेकंद. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा हा विलंब स्पीकरपासून दोन मीटर अंतरावर उभे राहण्याइतका झाला. त्याने ताल चुकत नाही. पण हा थोडासा उशिरा आलेला आवाज न थांबलेल्या मूळ आवाजात मिसळू नका. दोघे एकमेकांचे काही स्वर खाऊन टाकतात आणि गिटार पोकळ वाटते. म्हणून डब्या एकामागे एक जोडा, शेजारी-शेजारी नव्हे.

पाचवी गोष्ट पायाची. मध्यंतरानंतर लावणी आहे, तिला स्वच्छ स्वर हवा, आणि तिच्या पाठोपाठ खलनायकाचा प्रवेश आहे, त्याला धारदार. अंधारात दोन डब्यांची दोन बटणे दाबायला पाय कुठून आणायचे? यासाठी मिडीची वायर असते. १९८३ पासून वाद्ये या भाषेत एकमेकांशी बोलतात. मॉडेलरचे बटण दाबले की तो पेडलला एक क्रमांक कळवतो आणि पेडल त्या क्रमांकाचा ठसा लावते. हे क्रमांक १२८ आहेत. काही यंत्रे शून्यापासून मोजतात, काही एकापासून. त्यामुळे एकाचा फरक दिसला तर यंत्र बिघडले असे समजू नका.

आता विजेचे बघू. खेड्यातल्या कार्यक्रमाचे यश शेवटी तिच्यावरच अवलंबून असते. दोन्ही डब्यांना वेगवेगळा पुरवठा द्या. टोनेक्सच्या मोठ्या पेडलला ९ व्होल्टवर ३२० मिलिॲम्पिअर लागतात. मॉडेलर त्याहून बराच खादाड असतो आणि त्याचा ॲडॅप्टर त्याच्यासोबतच येतो. एकाच ॲडॅप्टरला फाटे फोडून दोन्ही चालवले, तर घूंऽऽ असा आवाज मागे लागतो. जुन्या गिटार पेडलला वीज गेली तरी तो परत येताक्षणी वाजू लागे. ही नवी डबी म्हणजे लहानसा संगणक आहे. जनरेटरने क्षणभर डोळा मिटला की तिला पुन्हा जागे व्हायला कित्येक सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाण्याचे कडवे निघून जाते. संगणकाला लावतात तो लहान यूपीएस जवळ ठेवा. इतर सगळ्या खर्चापेक्षा हा खर्च आधी करा, असे मी म्हणेन.

साउंडवाल्याशी चार शब्द गोडीने बोलून ठेवा. त्याला मॉडेलरच्या डाव्या, म्हणजे मोनो आउटपुटची एकच वायर द्या. मैदानातली व्यवस्था पुष्कळदा मोनोच असते. अंतर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स ठेवा आणि गुणगुण आली तर त्याचे ग्राउंड-लिफ्टचे बटण दाबून पाहा. ॲडॅप्टरची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका; ओल्या जमिनीवर, लोखंडी खांबांच्या मंडपात ती तुमचा जीव राखते. आणि तुमच्या चॅनेलवरची ४८ व्होल्टची फँटम पॉवर बंद करायला सांगा. ती माइकसाठी असते. काही डब्यांना ती सोसत नाही.

एवढे करूनही एखाद्या रात्री एक डबी मान टाकेल. त्यासाठी मॉडेलरमध्ये त्याचा स्वतःचा ॲम्प आणि कॅबिनेट लावलेला एक साधा प्रीसेट तयार ठेवा. पेडल गेले, तर एका बटणात त्यावर या. मॉडेलर गेला, तर गिटार सरळ पेडलमध्ये घाला आणि स्पीकरसकट घेतलेल्या ठशावर रात्र काढा. दोन डब्यांचा खरा लाभ मला इथे दिसतो. नाटक पहाटेपर्यंत चालते, शेकडो माणसे गारठ्यात घोंगडी पांघरून बसलेली असतात, आणि वादकाची त्या रात्रीची बिदागी आणि पुढच्या गावचे बोलावणे दोन्ही त्याच्या वाद्यावर टांगलेली असतात.

शेवटी पैशाचा प्रश्न. दोन्ही डब्या एकदम घ्याव्यात का? नाही. ज्याला एका रात्रीत दहा तऱ्हेची गाणी वाजवायची आहेत, त्याने आधी मॉडेलर घ्यावा. त्याचा ॲम्प आता पुरेसा चांगला असतो. ज्याचे दोन-तीनच ठरलेले स्वर आहेत आणि डिलेचे एखादे पेडल जवळ आहे, त्याला ठशाची डबी पुरेल. एक हंगाम एकीवर काढा. तिच्यात नेमके काय उणे पडते ते कानाला कळू द्या, आणि मगच दुसरी आणा. दुसरी आणल्यावर मंडईच्या आधी आठ दिवस घरीच, साउंडवाल्याचा एखादा स्पीकर मागून आणून, याच क्रमाने जोडून बघा आणि पातळ्या कागदावर लिहून तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. मंडपात पोहोचाल तेव्हा अंधार असेल, घाई असेल आणि नाटकाची पहिली घंटा झालेली असेल.